कुंदाताईंचा दाढीवाला

काकडी सोलायची नाही. अर्धी कापायची, उकळत्या पाण्यात सोडायची आणि शंभरपर्यंत मोजायचं. मला साठाच्या पुढं नीट येत नाही, म्हणून ताई स्वतःच मोजायच्या, ओठांतल्या ओठांत. मग काकडी गार पाण्यात. मग तिच्यात स्टीलचा एक चमचा खोचायचा, म्हणजे ती बुडते. तो चमचा घरच्या चमच्यांत ठेवायचा नाही. त्याची जागा वेगळी, खिडकीत. एवढं झालं की ताई माझ्या हातचा चहा घ्यायच्या. आधी त्याचं, मग स्वतःचं. अकरा वर्षं मी त्या घरात काम केलं, हा नेम मोडलेला मी बघितला नाही. ताप असला तरी भिंत धरून उठायच्या.

तो म्हणजे मासा. माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा मोठा. काळा, अंगावर पिवळट ठिपके, तोंड खालच्या बाजूला. काचेला चिकटून चाटत बसायचा. नाकावर, कपाळावर मऊ मऊ काटे उगवलेले, जशी काही दाढी हनुवटीवर यायची ती चुकून वर आली. दुकानवाले त्याला इंग्रजी नाव सांगतात. मी दाढीवाला म्हणायचे. त्याची एक जोडीदारीण होती, तिला दाढी नव्हती. तिला आम्ही काही नाव दिलं नाही. बायकांचं असंच असतं.

मी वरूडकडची. दुसरीपर्यंत शाळा. नवरा मिस्त्री होता, कॉलन्या बांधायच्या कामावर भोपाळला आला, त्याच्यामागं मी आले. मी विटा वाहिल्या. नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, डोकं माझ्या मांडीवर होतं. मग मी घरकामं धरली. हे एवढ्यासाठी सांगते की माझा माणूस माझ्या डोळ्यांसमोर गेला. रडले, तेरावं केलं, कामाला लागले. ताईंच्या घरी गेल्यावर मला कळलं की हे पण नशिबात असावं लागतं.

अवधपुरी कॉलनीत तिवारी भाभींकडं माझं झाडू-पोछा होतं. त्यांनीच सांगितलं, बाजूच्या मराठी दीदीला बाई पाहिजे, आदमी कुठं निघून गेलाय, एकटी आहे, शिलाई करते. मी गेले. दारात एक उंच, सुकलेली बाई, केस ओढून बांधलेले, गळ्यात टेप लटकलेली, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या न काढताच बोलल्या. पगाराचं नंतर, आधी विचारलं, मासे खाता का. मी म्हटलं, मिळाले तर खाते. त्या म्हणाल्या, "इथले नाही मिळणार." मला वाटलं चिडल्या. मग बघितलं तर ओठाचा एक कोपरा हलला होता.

मग मला टंकीपाशी नेलं. बैठकीत शिलाई मशीनला लागूनच ती काचेची टंकी. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही. काच घासायची नाही, त्याच्यावरचं हिरवं तो खातो. आत एक काळं लाकूड होतं, जांभळीचं मूळ. मला वाटलं कचरा आहे. ताई म्हणाल्या, ते पण तो खातो, किसून किसून, त्याच्या पोटाला लागतं. एक चहाचं मातीचं कुल्हड आडवं ठेवलेलं, एक नारळाची करवंटी पालथी, तिला एका बाजूनं दार कापलेलं. ते त्याचं घर. दिवसभर त्यात बसायचा, दिवेलागणीला बाहेर यायचा. ब्लाउज शिवायला बायका यायच्या त्या काचेवर टकटक करायच्या. ताई मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "दार नका वाजवू. तो उघडत नाही."

ताईंच्या घरची मंडळी शाकाहारी, अंड्याचं टरफल घरात आलेलं नाही. मासे आणले ते साहेबांनी. श्रीधरराव नाव त्यांचं. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. पुण्याकडचे, नोकरीसाठी इकडं आलेले, मग इथंच छोटं घर बांधलं. मूलबाळ झालं नाही. कुल्हड त्यांनीच ठेवलं, करवंटीचं दार त्यांनीच कापलं, लाकूड चार-चार दिवस उकळून त्यांनीच आत बसवलं. ताई तेव्हा टंकीकडं बघायच्या पण नाहीत. वास येतो म्हणायच्या.

पावसाळा संपत आला होता. एका बुधवारी सकाळी साहेबांनी डबा घेतला, स्कूटर काढली आणि कारखान्यात पोचलेच नाहीत. स्कूटर स्टेशनच्या स्टँडवर सापडली. डबा तिच्या हुकाला लटकत होता, पोळ्या तशाच्या तशा. थान्यात पोलिसांकडं रपट लिहिली. फोटो छापून आला. ताई आधी रोज, मग हप्त्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा थान्यात जाऊन बाकावर बसायच्या. तिथला माणूस दरवेळी विचारायचा, घरात झगडा झाला होता का. ताई नाही म्हणायच्या.

ताईंजवळ एकच पुरावा होता. बादली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, तो माशाला चालत नाही. पाणी भरून एक दिवस उघडं ठेवायचं, मग ते टंकीत घालायचं. साहेब त्याला पाणी बसवणं म्हणायचे. त्या बुधवारी सकाळी जाण्याआधी साहेबांनी गुरुवारसाठी बादली भरून ठेवली होती.

"ज्याला परत यायचं नाही," ताई म्हणायच्या, "तो उद्याचं पाणी कशाला भरील, मावशी?"

हा सवाल त्यांनी थानेदाराला केला, दिराला केला, तिवारी भाभींना केला, दूधवाल्याला केला. कोणाला जवाब आला नाही. मला येत होता. माझ्या सासरची म्हैस विकली तेव्हा ती नेणाऱ्याबरोबर निघाली आणि जाता जाता रोजच्यासारखी टाक्यावर थांबून पाणी प्याली. हाताला, पायाला सवय असते, ती मनाला विचारत नाही. पण हे मी ताईंना कधी बोलले नाही. माणसानं जी काठी धरलीय ती पोकळ आहे हे त्याला रस्त्यात सांगू नये.

कारखान्यातून कागद आला होता. सही केली असती तर घरात पैसे सुरू झाले असते. पण त्याच्यात साहेब नाहीत असं धरून चालायचं लिहिलं होतं. ताईंनी तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, बसू दे एक दिवस. हे त्यांचं बोलणंच झालं होतं. कोणी ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडायला आलं की, ठेवून जा, बसू दे एक दिवस. तिवारी भाभीशी वाजलं की, बसू दे एक दिवस. तो कागद तसाच बसून राहिला आणि ताई फॉल-पिको करत राहिल्या. डोळ्यांचा नंबर वाढत गेला.

दाढीवाल्याला गुरुवारी उपास असायचा. हे साहेबांनीच ठरवलेलं, एक दिवस पोट रिकामं राहिलं की मासा बरा राहतो म्हणून. त्या दिवशी ताई पण काही खायच्या नाहीत. मी विचारलं, कुठल्या देवाचा? म्हणाल्या, देवाचा नाही, पंगतीत बसल्यावर दुसऱ्याच्या आधी कसं जेवायचं.

मी कामाला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षीचा उन्हाळा. मे महिना, डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस लाईट नाही. टंकीत हवा सोडायचं जे मशीन असतं ते बंद. पाणी तापलं. दाढीवाला करवंटीतून बाहेर येऊन वर वर पळायला लागला, तोंड पाण्याबाहेर काढून परत खाली. ताई स्टुलावर बसल्या, तांब्या घेतला आणि पाणी उचलून उंचावरून परत टंकीत सोडायला लागल्या. त्यानं हवा आत जाते. एक हात थकला की दुसरा. मी म्हटलं, द्या इकडं. तासभर मी ओतलं. मग त्या. असं दोन दिवस चाललं. घरात स्वयंपाक नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिवारी भाभी दारात आल्या, बघत राहिल्या, मग बोलल्या, "दीदी, मछली के लिए इतना कर रही हो. आदमी को भी ऐसे पकड़ के रखतीं."

मला वाटलं आता तांब्या भिरकावतील. ताईंचा हात थांबला पण नाही. म्हणाल्या, "मछली दरवाज़ा नहीं खोल सकती, भाभी."

भाभी निघून गेल्या. अर्ध्या तासानं त्यांचे मिस्टर स्कूटरवर बर्फाची लादी घेऊन आले, पोत्यात गुंडाळलेली. आम्ही बर्फ पिशव्यांत भरून, तोंडं बांधून पाण्यावर सोडला. त्यानंतर भाभींच्या घरचा पालक आला की त्यातला मूठभर कोवळा पाला दाढीवाल्यासाठी वेगळा निघायचा.

त्याच साली पाऊस सुरू झाल्यावरची गोष्ट. ती माझ्या मनातून जात नाही, कारण त्याच्यात माझा हात आहे. दाढीवाला कुल्हडात जाऊन बसला आणि बाहेर यायचं नावच नाही. दिवेलागणीला काकडी टाकली, सकाळी तशीच. दुसऱ्या दिवशी तशीच. चार दिवस. जोडीदारीण मजेत फिरत होती. ताईंचं जेवण सुटलं. सुई बोटात घुसवून घेतली, रक्त आलं ते पुसलं पण नाही. मी कुल्हडात वाकून बघितलं तर तो आत पाठमोरा, नुसते पंख हलवतोय, जसा काही तापानं फणफणलाय.

मी म्हटलं, ताई, आमच्यात माणूस असा चार दिवस कोपरा धरून बसला तर त्याला ओढून उजेडात बसवतात. माझ्या नवऱ्याला मी असंच बसवलं होतं, बरा झाला होता एकदा. त्या मानेनं नको म्हणाल्या. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी बांगड्या वर सारल्या, हात पाण्यात घातला आणि कुल्हड उचलून तिरपं केलं.

आधी तो बाहेर आला, झटक्यात. मागून पिवळ्या दाण्यांचा एक गुच्छ सुटून आला, मोहरीपेक्षा थोडे मोठे दाणे, आणि टंकीच्या तळाला पसरला. दाढीवाला त्याच्याभोवती फिरायला लागला. या बाजूनं जायचा, त्या बाजूनं जायचा. दाणे पाण्याच्या हेलकाव्यानं लांब लांब जात होते. त्याला हात थोडेच आहेत गोळा करायला.

अंडी होती ती. त्यांच्यात आई घालून मोकळी होते, बाप दारात बसून पंखा घालतो, आठ-आठ दिवस खात नाही. हे आम्हाला मागाहून दुकानवाल्यानं सांगितलं. दोन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडली. ताईंनी ती चहाच्या गाळणीनं काढली.

मी म्हटलं, माझं चुकलं, मी सांगितलं नसतं तर. त्या गाळणी धुवत होत्या. नळ बंद केला. आणि माझ्याकडं पाठ करूनच बोलल्या. साहेब जायच्या आधी चार-पाच महिने असेच बसायचे म्हणाल्या. कामावरून आले की दिवा न लावता टंकीसमोर. बोलायचं नाही, विचारलं तर ऐकायचं नाही, जेवण ठेवलं तर दोन घास. काय झालंय ते सांगायचे नाहीत. जायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी ताईंचा धीर सुटला. त्यांनी बैठकीतला मोठा दिवा लावला आणि साहेबांचा दंड धरून त्यांना उठवलं.

"मी म्हणाले, इथं असं बसण्यापेक्षा जा कुठंतरी," ताई म्हणाल्या. "मी जा म्हणाले, मावशी. थान्यात मी खोटं सांगते."

मी पदरानं ओटा पुसला. पुसलेलाच होता.

त्यानंतर त्यांचं सांभाळणं अजूनच वाढलं. कुल्हड हलवायचं नाही, त्याच्याजवळ सावली पडू द्यायची नाही. जोडीदारीण सहाव्या वर्षी मेली तेव्हा ताईंनी तिला तुळशीजवळ पुरलं, आणि दाढीवाला एकटा राहिला. मी दुसरी आणायला सांगितलं. नको म्हणाल्या, त्याला वाटेल हे घर बदललं.

साहेबांना जाऊन बारावं वर्ष लागलं तशी पुण्याहून फोन यायला लागले. आपल्यात असं असतं की माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, त्याचं सगळं करायचं. दीर अरविंदराव फोनवर ते सांगायचे. ताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, बसू दे एक दिवस भावजी. शेवटी बारा पुरी झाल्यावर माघात अरविंदराव स्वतःच आले आणि बरोबर म्हातारीला घेऊन आले. ताईंच्या सासूबाई. नव्वदीला टेकलेल्या, एका बाजूनं मुलगा, दुसऱ्या बाजूनं हमाल, असं धरून स्टेशनातून आणलं. मी खुर्चीला उशी लावली, त्यांना टंकीसमोर बसवलं, दुसरीकडं जागाच नव्हती.

अरविंदराव माणूस वाईट नाही. पण लवकर जायचं होतं त्यांना. म्हणाले, वहिनी, गुरुजी ठरलेत, नर्मदेवर घाट ठरलाय, तुम्ही फक्त या. ताई म्हणाल्या, मी येणार नाही. ते म्हणाले, कशाच्या जोरावर नाही म्हणता. ताईंनी टंकीकडं बोट केलं. म्हणाल्या, यांचा मासा आहे अजून.

"वहिनी, माशावर माणूस मोजता होय?"

म्हातारीनं हात वर केला. म्हातारी टंकीकडं वाकली. तिला दिसत नव्हतं फारसं. हाच का, म्हणाली. ताई म्हणाल्या, हो आई, तो करवंटीत बसलाय, बाहेर आला की दाखवते. म्हातारी म्हणाली, राहू दे, त्याला उठवू नको. मी चहा ठेवला तो तसाच राहिला.

मग म्हातारी बोलली. "कुंदा, तू हे धरून बसलीस. मी काय धरू? मला आता जायचंय. वर गेल्यावर मी श्रीधरला शोधायचं का नाही, एवढं तरी मला कळायला नको का?"

ताई खाली बसल्या, फरशीवर, म्हातारीच्या पायापाशी. म्हणाल्या, "तुमच्यासाठी येते."

ते तिघं चार दिवस नर्मदेवर होते. मला घरी ठेवलं, दाढीवाल्याजवळ. जाताना ताईंनी मला काही सांगितलं नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी काकडी उकळली. साठ मोजलं, मग वीस, मग परत वीस. त्यानं पहिल्या दिवशी तोंड लावलं नाही. मी कामावर दुसरीकडं गेले नाही, तिथंच बसून राहिले. माझ्या मनात येत होतं, तिकडं पानांचा माणूस जळायचा आणि इकडं हा मरायचा, मग मी त्या बाईला काय तोंड दाखवू. देवाला मी सहसा काही मागत नाही. त्या चार दिवसांत मागितलं. तिसऱ्या दिवशी तो आला आणि काकडीवर चिकटला. सकाळी नुसती साल उरली होती, गोल, बांगडीसारखी. मी ती फेकली नाही, ताईंना दाखवायला वाटीत ठेवली.

ताई एकट्याच परत आल्या, म्हातारीला घेऊन दीर तिथूनच पुण्याला गेले. गळा मोकळा, कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. पायातल्या चपला न काढता टंकीपाशी गेल्या. मी वाटी पुढं केली. त्यांनी साल बघितली, मान हलवली.

मग तोंड धुतलं, बसल्या आणि सांगायला लागल्या, मी न विचारता. पळसाची पानं मांडली होती, नारळाचं डोकं केलं होतं, अरविंद भावजींनी अग्नी दिला. आई मोठ्यानं रडल्या, मग त्यांना झोप लागली, तिथंच घाटाच्या पायरीवर, भावजींच्या खांद्यावर. खूप वर्षांनी इतकी गाढ झोपल्या असं भावजी म्हणाले. मी विचारलं, आणि तुम्ही? म्हणाल्या, मी बघत होते. पानं होती, मावशी. पानं जळली.

पदराची गाठ सोडली. आत मंगळसूत्र होतं. टंकीच्या काचेत बघून त्यांनी ते गळ्यात घातलं, पदराखाली सरकवलं.

"आईंचा मुलगा गेला," म्हणाल्या. "माझे यायचेत."

आणि मशीनवर बसल्या. कोणाचा तरी ब्लाउज द्यायचा होता.

म्हातारी त्याच उन्हाळ्यात गेली. फोन आला तेव्हा ताई रडल्या नाहीत, पण आठ दिवस गोड खाल्लं नाही. पुढं थंडी पडली. दाढीवाला आता म्हातारा झाला होता, पोट आत गेलेलं, दाढीचे काटे एका बाजूनं झडलेले. एक दिवस तो कुल्हडात गेला आणि बाहेर आला नाही. काकडी तशीच. दुसऱ्या दिवशी तशीच. ताई म्हणाल्या, ओढायचं नाही. मी पण म्हटलं, नाही ओढायचं. आमच्या दोघींच्या मनात एकच होतं आणि दोघींना माहीत होतं की जोडीदारीण नाही, अंडी असणार कुठून. तरी थांबलो. ताई रोज शंभर मोजून काकडी उकळायच्या, टाकायच्या, सकाळची काढायच्या. सहा दिवस. सातव्या दिवशी पाणी गढूळ झालं आणि वास आला. तेव्हा त्यांनी बांगड्या वर सारायची सवय म्हणून मोकळं मनगट चोळलं आणि हात आत घातला. कुल्हडात सांभाळायला काही नव्हतं. तोच होता.

तुळशीजवळ मीच खड्डा केला.

मला वाटलं, आता संपलं. आता ही बाई तो कागद काढील, सही करील, दोन वेळा नीट जेवील. खोटं का सांगू, मला थोडं बरंही वाटलं. चार दिवस मशीन बंद होती. टंकी रिकामी, आतलं लाकूड वाळून पांढरं पडायला लागलं. माझं पण भोपाळ सुटणार होतं. गुडघे गेले होते, मुलगी मुलताईला बोलवत होती. मी ठरवलं, ताई जरा उठून बसल्या की त्यांना सांगायचं आणि निघायचं.

पाचव्या दिवशी गेले तर ताई साडी बदलून तयार. म्हणाल्या, चला. कुठं ते सांगितलं नाही. ऑटोनं शिवाजी नगरच्या पुढं माशांच्या दुकानात आलो. दुकानवाल्यानं ओळखलं. ताईंनी एका टंकीवर बोट ठेवलं. आत बारके बारके, नखाएवढे, काळे. एकालाही दाढी फुटलेली नाही. कोण नर कोण मादी तेही कळत नव्हतं.

"कितने साल रहती है?" ताईंनी विचारलं.

"सँभाल के रखो तो बारह साल भी, दीदी. ज़्यादा भी."

ताईंनी मान हलवली, जसं काही कापड पुरेल का विचारलं आणि पुरेल म्हणून कळलं. दोन द्या म्हणाल्या.

त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. मी बहात्तर. मला हिशोब येत नाही, पण एवढा आला. अकरा वर्षांत मी त्यांना कधी अडवलं नव्हतं. त्या दिवशी दंड धरला. म्हटलं, ताई, पुरे करा आता. बारा वर्षं झाली, अग्नी दिला, आई गेल्या. आता कोणासाठी.

त्यांनी माझा हात काढला नाही. दुकानवाला पिशवीत पाणी भरत होता त्याच्याकडं बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "मी एकदा जा म्हणालेय, मावशी. परत कसं म्हणू?"

परत येताना मी ऑटोत सांगितलं, की मी मुलताईला चालले, परवा. ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, गुडघ्याला तेल लावत जा, गरम करून. पिशवी त्यांनी पदराखाली पोटाशी धरली होती, दोन्ही तळव्यांनी, वारा गार होता म्हणून. माझ्या बस्तीच्या नाक्यावर मी उतरले. वाटलं होतं वर बघतील. त्यांची मान खाली, पदर थोडा सरकवून आत बघत होत्या. ऑटोवाल्याला म्हणाल्या, भैया, धीरे चलाना, हिले ना. तो चांगला माणूस होता. पुढच्या गतिरोधकावर त्यानं गाडी इतकी हळू घेतली, इतकी हळू, की मागची सगळी वाहनं हॉर्न वाजवायला लागली, आणि ताईंची मान काही वर झाली नाही.